माझा तिसरा ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी बागवाम आहे. खरी नव्हे, प्लास्टरची. आणि माझं बहुतेक आयुष्य गेलं ते अर्धी म्हणून. हे आधीच सांगून टाकते, कारण वर्षानुवर्षं लोक माझ्यासमोर उभे राहून "ही एवढीच का?" असं विचारत आले आणि मला तोंड असून त्याचा उपयोग झाला नाही. माझं तोंड जरासं वर वळलेलं आहे, कायम रुसल्यासारखं. खऱ्या बागवामीचं तोंडही तसंच असतं. निदान तेवढी एक गोष्ट माझ्या बाबतीत पहिल्यापासून बरोबर होती.

वाम म्हणजे सापासारखा लांब, सडसडीत मासा. त्यातली बागवाम ही फार लाजाळू जात. ती समुद्राच्या तळाशी वाळूत उभं बीळ करून राहते, शेपटी खाली आणि डोकं वर. अर्धं अंग बाहेर काढून प्रवाहाकडे तोंड करते आणि वाहत येणारे बारीक बारीक जीव टिपून खाते. जेवायलासुद्धा घर सोडत नाही. जरा कुणाची सावली पडली की सुर्रकन आत. अशा शेकडो वामी शेजारी शेजारी डुलत असल्या की लांबून वाऱ्यावर हलणारी बाग वाटते, म्हणून हे नाव पडलं. मला मात्र एकटीलाच बनवलं. नाव बागवाम आणि बागेचा पत्ता नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच.

माझा जन्म डमींच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, घराच्या मागची पत्र्याची एक खोली होती ती. कपड्यांच्या दुकानात काचेमागे नवे कपडे घालून उभ्या असलेल्या बाहुल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या तिथे बनत. बनवणाऱ्या दोघीच. एक वहिनी आणि दुसऱ्या त्यांच्या नणंदबाई. वहिनी त्यांना वन्सं म्हणत, म्हणून प्लास्टर आणून देणाऱ्या टेम्पोवाल्यापासून शेजारपाजारच्यांपर्यंत सगळेच त्यांना वन्सं म्हणत. घडवायचं काम वहिनींचं, रंगवायचं वन्संचं. वहिनींचा हात झपाझप चाले. वन्सं मात्र चेंगट. एकेका डमीच्या भुवयांपाशी त्या इतक्या रेंगाळत की वहिनी वैतागून म्हणत, "वन्सं, तिला लग्नाला नाही जायचंय!"

"दुकानात उभं राहायचंय ना? मग लग्नापेक्षा जास्तच लोक बघणार आहेत तिला," वन्सं मान वर न करता उत्तर देत.

त्यांचा ब्रश म्हणजे एक वेगळीच कथा. इतका जुना झाला होता की रंगवता रंगवता त्याचे केस गळत आणि रंगात चिकटून बसत. वहिनींनी नवे ब्रश आणून ठेवले, पण वन्सं त्यांना हात लावत नसत. जुन्याला हाताची सवय आहे म्हणत. मग चिकटलेला केस नखाने काढायचा, आणि तिथला रंग पुन्हा लावायचा. वहिनींचं डोकं फिरायचं ते इथे.

एके दिवशी या खोलीत संग्रहालयाचे साहेब आले. हातात एक तक्ता होता, खिशात एक फोटो. त्यांना समुद्राच्या दालनासाठी बागवाम हवी होती, खऱ्या वामीच्या दसपट मोठी. खरी वाम असते जेमतेम हातभर लांब आणि बोटाएवढी जाड. फोटोत ती वाळूतून निम्मीच वर आलेली होती.

"हिचं खालचं कुठाय?" वन्संनी विचारलं.

"वाळूत. सगळ्यांचेच फोटो असे. ती बाहेरच येत नाही." साहेबांनी तक्ता उलगडला. "खालचं यात आहे."

साहेब मनापासून शिकवणारे होते, हे मी मान्य करते. मोडक्या स्टुलावर बसून त्यांनी दोघींना माझं सगळं अंग समजावून सांगितलं. मुस्कट आखूड आणि डोळे मोठे, कारण अन्न डोळ्यांनीच शोधायचं. पाठीवरचा पर डोक्याच्या मागूनच सुरू होतो आणि नाजूक झालरीसारखा शेपटीपर्यंत जातो. छातीजवळचे पर इतकेसे, असून नसल्यासारखे.

"एवढ्याशा परांवर ती पोहणार कशी?" वहिनी म्हणाल्या.

"पोहते कुठे? घर सोडायचंच नाही म्हटल्यावर पर करायचेत काय मोठे?"

मग त्यांनी ठिपके दाखवले. पांढरट अंगावर बारीक काळे ठिपके तर असंख्य, पण मोठे काळे ठिपके तीन. पहिला कल्ल्याच्या भोकाशी, त्या इवल्या पराच्या जागी. दुसरा त्याच्या बराच खाली, धडावर. आणि तिसरा गुदद्वाराभोवती, म्हणजे जिथे धड संपतं आणि शेपटी सुरू होते तिथे. शेपटीच असते निम्म्याहून जास्त. तिच्या टोकाला इतर माशांसारखा पंखा नसतो. टोक कडक आणि अणकुचीदार असतं. वाम त्या टोकाने उलटी उलटी वाळूत शिरते आणि अंगातून चिकट द्रव सोडून बिळाच्या भिंती पक्क्या करते, म्हणजे वाळू ढासळत नाही.

"म्हणजे गवंडी, पहार आणि सिमेंट सगळं शेपटीतच," वन्सं म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या डोक्यापेक्षा त्यांचा शेपटीवरच जास्त जीव जडला. मला तेव्हा राग आला होता. आज येत नाही.

सळई, तिच्यावर जाळी, जाळीवर काथ्या आणि काथ्यावर प्लास्टर, अशी मी हळूहळू अंगाने भरले. वहिनींनी घासून घासून मला गुळगुळीत केलं. मग वन्संनी ब्रश घेतला. वरचं अर्धं अंग झालं तशी वहिनी म्हणाल्या, "आता खाली एक हात मारा आणि सोडा. वाळूत जाणार आहे ते. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"वन्सं, अहो, गाडी परवा येणार आहे!"

"येऊ दे. चहा पाजू गाडीवाल्याला."

तिसऱ्या ठिपक्याला त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. तो नुसता काळा गोळा नव्हता. त्याच्या कडेने त्यांनी बारीक पांढरे ठिपके दिले, एकेक श्वास रोखून. तक्त्यात ते होते की नव्हते कोण जाणे. पण वहिनींनी दारातून एकदा पाहिलं आणि वन्संसाठी दिवा जवळ आणून ठेवला.

आता माझं घोडं कुठे पेंड खात होतं ते ऐका. दुकानातली डमी नेहमी कमरेत निघते. अखंड बाहुलीला कपडे चढवता येत नाहीत, म्हणून वरचं धड फिरवून काढायचं, खालचं सजवायचं आणि पुन्हा बसवायचं. वहिनींच्या हाताला तीच सवय. त्यांनी मलाही कमरेत सांधा केला. पत्र्याची एक बांगडी आणि तिच्यात बसणारी खाच, अर्धा वळसा दिला की खट्. ने-आण सोपी होईल, एवढाच त्यांचा विचार. मला कपडे घालायचे नव्हते हो! मी अखंड असते तर साहेबांना माझ्यासाठी उंच जागा शोधावीच लागली असती. सांधा दिसला आणि त्यांना सोपी वाट सापडली.

कारण समुद्राचं दालन होतं वरच्या मजल्यावर आणि त्याचं छत होतं बुटकं. मला उभी करायला गेले तर डोकं छताला लागलं आणि शेपटी जिन्यावर राहिली. साहेबांनी हनुवटी खाजवली, सांध्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तूर्तास वरचा भाग लावू. नाहीतरी खालचा वाळूतच असतो."

मित्रांनो, "तूर्तास" या शब्दाचा मला जितका तिटकारा आहे तितका वाळवीचाही नाही. वरच्या मजल्यावर एक लाकडी चौथरा केला, त्यावर सरस लावून वाळू पसरली आणि तिच्यात मला रोवलं. शेपटी गेली बरोबर खालच्या अडगळीच्या खोलीत. त्या दिवशी जे घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

सुरुवातीची वर्षं वाईट नव्हती. मुलं यायची, माझ्याएवढं उंच व्हायला टाचा उंचवायची. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर नकाशा होता आणि त्याला एक बटण. बटण दाबलं की माझी जात जिथे जिथे राहते तिथे दिवे लागत. तांबड्या समुद्रापासून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने खाली, मग अख्खा हिंदी महासागर ओलांडून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत. वर जपानच्या दक्षिणेकडची बेटं, खाली ऑस्ट्रेलियाची उत्तर बाजू. फार खोल नाही, जिथे ऊन पोचतं आणि वाळू मऊ असते अशा जागी. पहिल्यांदा ते दिवे लागले तेव्हा मी मनातल्या मनात ताठ झाले होते. अर्धी असले म्हणून काय झालं, माझे नातेवाईक अर्ध्या जगात पसरलेले होते.

मग दिवे जायला लागले. एकेक दिवा उडायचा आणि तो बदलायला कुणाला सवड नसायची. त्यातून देवमासा म्हणजे सगळ्यांचा लाडका. त्याच्या नकाशातला दिवा गेला की वायरमन माझ्यातला काढून तिकडे लावायचा. "इकडे कोण बघतंय," असं वर म्हणायचा. आधी माझी आफ्रिका गेली. मग बेटं विझली. माहिती सांगणारे गाईड बदलत गेले आणि प्रत्येक नवा गाईड जेवढे दिवे दिसतील तेवढीच माझी वस्ती सांगू लागला. शेवटी एकच दिवा उरला, तोही खिळा निसटल्यामुळे खाली घसरून भलत्याच ठिकाणी, एका वाळवंटाच्या मधोमध लोंबत होता. "हा मासा फक्त इथेच सापडतो," गाईड ठासून म्हणाला. एका मुलीने विचारलं, "वाळवंटात?" तर तो म्हणाला, "म्हणून तर दुर्मीळ." अशा वेळी माझ्या तोंडाला वाचा नव्हती हे संग्रहालयाचं नशीब.

त्याहून मोठा ताप ठिपक्यांचा. माझ्यासमोरच्या फलकावर लिहिलं होतं, "अंगावर तीन मोठे काळे ठिपके." आणि माझ्या अंगावर दोन. लोक मोजत, पुन्हा मोजत, मागे जाऊन बघत. बाप मुलाला म्हणायचा, नीट बघ. मूल म्हणायचं, दोनच आहेत. बापाचा विश्वास फलकावर, मुलाचा डोळ्यांवर. भांडणं व्हायची अक्षरशः. कोणी म्हणे छपाईची चूक, कोणी म्हणे फसवणूक. दालनाची देखभाल करणारे शिपाईकाका या तक्रारींनी इतके कावले की बाकांना हिरवा रंग द्यायला आलेल्या रंगाऱ्याला त्यांनी बाजूला घेतलं.

"हिला एक काळा ठिपका काढून दे बाबा. म्हणजे तीन होतील, माझ्या मागची कटकट जाईल."

"कुठे काढू?"

"जागा बघ आणि काढ."

रंगाऱ्याने माझ्याकडे डोकं तिरकं करून पाहिलं. "कपाळ मोकळं दिसतंय," म्हणाला आणि दोन डोळ्यांच्या मधोमध लोखंडी फाटकाला लावायच्या काळ्या रंगाने एक भलामोठा ठिपका ठोकून दिला. शिपाईकाका खूश झाले. फलकही खरा ठरला. आणि माझ्या जातीत जगात कुठेही कुणाच्याही कपाळावर नसलेला ठिपका घेऊन मी उभी राहिले. रोग परवडला पण औषध नको, असं झालं.

वहिनी आणि वन्सं अधूनमधून यायच्या. तिकीट काढून, इतर लोकांसारख्या. माझ्यासमोर उभ्या राहायच्या आणि मग साहेबांच्या खोलीकडे वळायच्या. शेपटी कधी लावणार, एवढंच विचारायला. साहेब बाहेर येऊन आदराने बोलायचे.

"साहेब, आमच्या धंद्यात अर्धी डमी कुणी दुकानात उभी करत नाही," वन्सं एकदा म्हणाल्या.

"करतात की वन्सं, नुसत्या शर्टासाठी धड पुरतं," वहिनींच्या तोंडून निघून गेलं. वन्संनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की वहिनींनी पिशवी उचलून आधी जिना गाठला.

कपाळावरचा ठिपका पाहिला त्या दिवशी मात्र वन्सं हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, तो लावून ठिपका निरखला आणि म्हणाल्या, "वहिनी, माझा तिसरा खाली अंधारात पडलाय, आणि लोक हा बघतायत." मग त्यांनी साहेबांना विचारलं, खाली जाऊन शेपटी बघता येईल का? साहेब म्हणाले, खोलीची किल्ली तूर्तास सापडत नाही. पुढच्या खेपेला नक्की.

पुढची खेप झाली नाही. साहेब निवृत्त झाले आणि दोघी यायच्या थांबल्या. का, ते मला कळायला मार्ग नव्हता. मी वाट बघत राहिले. प्लास्टरला दुसरं काय जमतं?

शेपटीची खबर मला फक्त जमिनीखालून यायची. दालनाची जमीन लाकडी, तिच्या फळ्यांच्या फटींतून शिपाईकाकांचं बोलणं ऐकू येई. कुणीतरी विचारलं, हे लांब नळकांडं कसलं? तर काका म्हणाले, "कोण जाणे, पण फडकी वाळत घालायला झकास आहे." दोन खुंट्यांवर तिला आडवी टाकली होती आणि तिच्यावर लादी पुसायची फडकी वाळत होती. समुद्राच्या तळात भोक पाडणारी माझी शेपटी! पुढे एकदा खालून चुन्याचा वास आला आणि काका कुणाला तरी सांगताना ऐकले, "सामान कुठे हलवत बसायचं? सगळ्यावरूनच हात फिरवला, त्या नळकांड्यावरून पण. आता कसं स्वच्छ दिसतंय." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आता राहू दे. शेपटी आली काय आणि न आली काय, वन्संचा ठिपका तर गेलाच.

माझ्या शेजारी खऱ्या माशांची एक काचेची टाकी होती. लाल-सोनेरी मासे, दिवसभर खायचे आणि तोंडं उघडझाप करायचे. लोकांची गर्दी तिथेच. मी त्यांच्यावर जळत असे, लपवत नाही. पण माझं नशीब फिरलं ते त्यांच्यामुळेच. टाकी खालून झिरपत होती. कुणाच्या लक्षात यायच्या आत पाणी माझ्या चौथऱ्याखाली मुरत गेलं, जमिनीच्या फळ्या कुजल्या आणि एका सकाळी चौथऱ्याचा एक कोपरा कर्रकन खाली बसला. मी भिंतीवर कलले आणि मानेला तडा गेला.

नवे साहेब धावत आले. तरुण होते, कपाळाला आठ्या होत्या. "काढा हिला, नाहीतर कुणाच्या तरी अंगावर पडेल," ते म्हणाले. मग मला जवळून पाहिल्यावर जरा विरघळले असावेत. "बनवली कुणी? दुरुस्त होत असेल तर बघू."

वहिनी आल्या. केस पांढरे, चाल हळू, खांद्याला तीच जुनी पिशवी. एकट्याच. शिपाईकाकांनी त्यांना ओळखलं.

"आणि त्या दुसऱ्या बाई? चष्मेवाल्या?"

"गेल्या," वहिनी म्हणाल्या. "तिसरं वर्ष चालू आहे."

काका काहीतरी बोलले, पण मला ते ऐकू आलं नाही. मला आठवत होतं ते वन्संचं वाक्य, माझा तिसरा खाली अंधारात पडलाय.

वहिनींनी माझ्या मानेचा तडा चाचपला. "भरून निघेल," म्हणाल्या. तोवर सुताराने मला चौथऱ्यावरून उचलून बाजूला आडवं ठेवलं होतं आणि कुजलेल्या फळ्या कापून काढल्या होत्या. जमिनीत चांगलं माझ्या अंगाएवढं भोक पडलं होतं. वहिनींनी सहज त्यातून खाली वाकून पाहिलं आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

"बाई, चक्कर आली का?" नव्या साहेबांनी विचारलं.

"साहेब, ती खाली आहे. बरोबर खाली. फडक्यांखाली."

"काय?"

"हिची शेपटी. साहेब, हे भोक बुजवू नका! वरचं वर राहू दे, शेपटी खालच्या छतातून सोडा. जमीन म्हणजे वाळू. वाळूवरचं वर दिसेल, वाळूखालचं खाली."

साहेब हसले. "संग्रहालयाच्या जमिनीला भोक ठेवायचं? कुणी पडलं तर?"

"पडायला जागा कुठाय? भोकात ही असणार ना!"

सुतार खदखदून हसला. साहेबांना ते आवडलेलं दिसलं, पण ते सावध होते. कपाळावरचा ठिपका खोटा आहे हे त्यांना दिसत होतं, त्यामुळे फलकावरच्या तीन ठिपक्यांचा घोळ त्यांनाही छळत होता. ते म्हणाले, "खाली खरंच तिसरा ठिपका असेल तर या खटाटोपाला अर्थ आहे. अडगळीची खोलीही रिकामी करू, खालचं दालन करू. चला बघू." सगळे खाली गेले. मी वर एकटी, भोकाच्या काठाशी आडवी. मला खालचं दिसत नव्हतं, ऐकू मात्र स्पष्ट येत होतं.

फडकी बाजूला झाल्याचा आवाज आला. मग साहेबांचा. "पण ही तर सगळी पांढरी आहे."

"चुना आहे वरून."

"की मुळातच काही नव्हतं? बाई, इतक्या वर्षांनी आठवणीत गडबड होते माणसाची. यावर काही नाहीये. फलकच चुकलाय, मी तो बदलून घेतो." आणि सुताराला, "भोक बुजवून टाका. फळ्या आणल्यात ना?"

सुतार जिना चढून वर आला. फळ्या त्याने माझ्या शेजारी आणून टाकल्या आणि पेन्सिल कानामागून काढली.

"काका, एक बादली पाणी द्या," खालून वहिनींचा आवाज आला.

"बाई, त्यात सरस घातलाय, सुटायचा नाही तो," शिपाईकाका कुरकुरले. पण बादली आणली. मग ओल्या फडक्याचा आवाज सुरू झाला. घासणं, पिळणं, पुन्हा घासणं. वर सुतार फळी मापायला लागला. खाली वहिनी पुटपुटत होत्या, "इथे असायला हवा, की इथे." चुना नुसता चिखल होत होता आणि वाळला की पुन्हा पांढरा. कुणीतरी म्हणालं, राहू द्या. सुताराने करवत फळीला लावली. मित्रांनो, चिडायला मी कायम तयार असते, पण त्या वेळी मला राग आला नाही. मला भीती वाटली.

मग घासण्याचा आवाज थांबला.

"वन्संचा तेलाचा रंग आहे साहेब," वहिनी हळू म्हणाल्या. "चुना जातो. हा नाही जात."

साहेबांची पावलं जवळ आली. मग साहेब म्हणाले, "आणि कडेचे हे पांढरे ठिपके? हेही त्यांनीच?"

"त्यांनीच," वहिनी म्हणाल्या. "आणि हे बघा. हा केस. ब्रशाचा. चिकटलाय अजून." वहिनी पुन्हा वैतागल्या. "किती वेळा सांगितलं, नवा ब्रश घ्या म्हणून."

"काढू का नखाने?" शिपाईकाकांनी विचारलं.

"खबरदार हात लावाल तर!" वहिनी एवढ्या जोरात ओरडल्या की वरच्या सुताराने करवत खाली ठेवली.

माझी मान भरून वाळली, भोकाची कड नीट गोल तासली गेली आणि एके दिवशी मला त्यात उभी केली. वरून सुताराने धरलं, खालून वहिनींनी शेपटी वर चढवली. अर्धा वळसा. खट्. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की मी कुठे संपते.

आता लोक मला वर बघतात, दोन ठिपके मोजतात आणि फलकावरचा बाण बघून जिन्याकडे धावतात. खाली छतातून माझी शेपटी उतरलेली असते आणि तिच्यावर तिसरा ठिपका. मुलांना तो केस दाखवायची जबाबदारी शिपाईकाकांनी आपण होऊन घेतली आहे. माझा स्वतःचा तिसरा ठिपका मी कधीच पाहू शकणार नाही, कारण बागवामीची नजर प्रवाहाकडे असते, मागे वळत नाही. ते मी सोडून दिलं आहे.

सगळंच सुधारलं असं मात्र समजू नका. नकाशात निम्मेच दिवे लागले आहेत, माझी आफ्रिका अजून अंधारात आहे. माशांच्या टाकीपुढची गर्दी तशीच आहे. आणि कपाळावरचा तो फाटकाचा काळा रंग वहिनींनी घासून पाहिला, पण निघाला नाही. खरवडला तर प्लास्टर येईल म्हणाल्या. तेव्हा नवे साहेब काय म्हणाले असतील? "तूर्तास राहू दे." येरे माझ्या मागल्या!

म्हणून, मित्रांनो, एक विनंती आहे. कुठलीही गोष्ट निम्मीच दिसली तर उरलेली निम्मी कुठे आहे, हे कुणाला तरी विचारा. ती बहुतेक वेळा फार लांब नसते, तुमच्याच पायाखाली फडकी वाळवत पडलेली असते. जुन्या सामानावर चुन्याचा हात फिरवण्याआधी ते कुणी रंगवलं आहे ते एकदा बघा. आणि माझ्याकडे आलात तर माझे ठिपके जरूर मोजा, वरचे दोन आणि खालचा एक. कपाळावरचा तेवढा धरू नका.